मोर्चा मॅडम आणि फरीदाबादचं मागचं गेट

आमच्या कराडात मला पत्रकवाली म्हणतात. दारूच्या दुकानाविरुद्ध, एसटीच्या भाडेवाढीविरुद्ध, नगरपालिकेच्या कोरड्या नळाविरुद्ध अशी जी पत्रकं अलीकडे गावात वाटली गेली, त्यातली बहुतेक माझ्या हातची. पत्रकाची एक रीत असते. वर ठळक अक्षरांत ‘जाहीर निषेध’, मध्ये शत्रू, खाली मागण्या. मागण्या नसतील तर ते पत्रक नव्हे, ती नुसती कुरकुर. हे आधीच सांगून ठेवते, कारण दिल्लीकडे माझी जी फजिती झाली ती याच रितीने केली.

पत्रकारितेच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या विभागाने मला महिनाभर नोएडाला पाठवलं. तिथे टीव्हीची बातमी शिकवणारी एक नवी संस्था निघाली होती. विभागप्रमुख म्हणाले, “आता खासगी चॅनेलांचा जमाना. नुसतं लिहून भागणार नाही.”

मी म्हणाले, “खासगीकरणाला माझा विरोध आहे.”

“मग बघून ये आणि माहिती घेऊन विरोध कर.”

मी स्वेटर शोधायला घरी गेले.

फरीदाबाद

राहायची सोय फरीदाबादला, लतामावशीकडे. ती माझ्या आईची मामेबहीण. लग्न होऊन दिल्लीला गेली, तीस वर्षं तिकडेच. काका ट्रॅक्टरच्या कारखान्यात. आधी करोल बागेत भाड्याच्या खोलीत राहत, आता फरीदाबादेत स्वतःचा फ्लॅट. आमच्याकडे ‘मोठं घर’ म्हणजे जुनं घर. तिकडे मोठं घर म्हणजे नवं. जितकं नवं तितकं मोठं.

सोसायटीच्या दारात शिट्टी घेतलेला गार्ड, त्याच्यामागे पाणी नसलेलं कारंजं, कारंज्यामागे जनरेटर. वीज गेली की तो असा गुरगुरायला लागे की बोलणं थांबवून सगळे एकमेकांकडे कौतुकाने बघत. आमच्याकडे वीज गेली की लोक ओरडतात. इथे अभिमानाने गप्प बसतात.

मावशीने दारातच गालाला हात लावला. “किती वाळली गं विदू! चलो, गीझर ऑन केलाय, आधी नहा. बिल्कुल घरच्यासारखं राहायचं हं.” तिचं मराठी असं. क्रियापदं कराडची आणि मध्ये पेरलेलं सगळं तिथलं. गोडा मसाला मात्र शुद्ध होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “थांब, कमलेश येईल इतक्यात. चहा टाकेल.”

मी कमलेश नावाच्या बाप्याची वाट बघत बसले. आली ती डोक्यावरून ओढणी घेतलेली, माझ्याहून थोडी मोठी बाई. तिकडे कमलेश बाईचंही नाव असतं. थंडीने तिचं नाक लाल झालेलं आणि चपला धुळीने पांढऱ्या. मी विचारलं, “कहाँ से आती हैं?” तिने स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून बोट दाखवलं.

सोसायटीची मागची भिंत, भिंतीत लोखंडी गेट, गेटाला भलंमोठं कुलूप. आणि पलीकडे, इथून दगड मारला तर कुणाच्या तरी म्हशीला लागेल इतक्या जवळ, तिचं गाव. गोवऱ्यांचे ढीग, पाण्याची टाकी, अंगणातल्या खाटा, सगळं दिसत होतं. आणि ही बाई त्या गावातून निघून, शेताच्या कडेने मथुरा रोडला जाऊन, ट्रकांच्या धुरळ्यातून चालत, पुढच्या गेटाने आत येत होती.

“मावशी, हे गेट बंद का?”

“सिक्युरिटी, यार. कमिटीचा डिसिजन आहे.”

“कमिटीत आहे तरी कोण?”

“मी सेक्रेटरी आहे ना!” असं म्हणून तिने माझ्या ताटात दुसरं थालीपीठ टाकलं, वर लोण्याचा गोळा.

पत्रकात शत्रू असतो, पण तो लोणी वाढत नाही. मी थालीपीठ संपवलं आणि संधी मिळताच कमलेशला गाठून जाहीर केलं, “हम ये गेट खुलवाएँगे!”

ती म्हणाली, “जी.”

नोएडा

संस्थेची इमारत काचेची होती आणि तिच्या तिन्ही बाजूंना मोहरीचं शेत. आत इतकी थंडी की आम्ही हातमोजे घालून बसायचो. वातानुकूलन यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मी निषेधाचं पत्रक मनातल्या मनात लिहून टाकलं.

शिकवायला सक्सेनासर. वर्तमानपत्रात आयुष्य घालवून टीव्हीत आलेले, मफलर कधी न काढणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला एक छोटी बातमी लिहायला सांगितली. मी बदरपूरच्या बसच्या गर्दीवर लिहिली. सरांनी वाचली, चष्मा वर केला.

“ये नीचे एक, दो, तीन क्या है?”

“मागण्या, सर. आमच्या माँगें.”

“मैडम, खबर माँगती नहीं है। खबर बताती है।” वर्ग हसला. त्या दिवसापासून मी ‘मोर्चा मैडम’ झाले. कॅन्टीनवालासुद्धा विचारी, “मोर्चा मैडम, चाय में शक्कर कितनी?”

कॅमेरामन होते बिष्टजी, डोंगराकडचे, अत्यंत शांत. त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, भिंगातून बघितलं आणि डोळे चोळले. माझा हातमागाचा कुर्ता बारीक रेघांचा होता. बारीक रेघा पडद्यावर थरथरतात, असं कळलं. हातमागाचा असा अपमान मी त्याआधी ऐकला नव्हता. “कपड़ा प्लेन पहनिए,” बिष्टजी म्हणाले, “नहीं तो देखने वाला समझेगा, आप काँप रही हैं।”

करोल बाग

प्लेन कुर्त्यासाठी मावशी मला रविवारी करोल बागेत घेऊन गेली. एका दुकानात मी सरळ विचारलं, “कितने का है?” दुकानदाराने माझ्याकडे, मी त्याच्या घरात कुणी मेलंय का विचारल्यासारखं, बघितलं. मावशीने मला मागे ओढलं. “असं नाही गं विचारायचं.” मग तिने आधी त्याची तब्येत विचारली, नंतर थंडीला दोष दिला, चार कपडे उलगडायला लावले, पाचव्याला नाक मुरडलं आणि निघता निघता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, किंमत विचारली. आमच्या पेठेत एवढ्या वेळात सहा गिऱ्हाइकं भांडून घरी गेली असती.

छोले भटुरे खाताना मला लाज वाटेल इतका आनंद झाला. भटुरा फुग्यासारखा, छोले काळे, बाजूला मुळ्याचा कीस आणि हिरवी मिरची. मावशी भलतीच खुशीत होती. मला ती एका गल्लीत घेऊन गेली आणि तारांच्या जाळ्यातून वर बोट दाखवलं.

“ती बघ आमची खोली. गच्चीवरची. तुझे काका आणि मी, आणि एक स्टोव्ह. मालकीण पुढच्या जिन्याने येऊ द्यायची नाही. म्हणायची, पाहुण्यांसमोर बादल्या घेऊन काय जाता. मग मागच्या लोखंडी जिन्याने जायचं, पाणी घेऊन. पावसाळ्यात असा घसरायचा!” आणि हसली. “आता मेली बिचारी.”

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. भटुऱ्याचा मान राखून मी ते गिळलं.

बाईट

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपली एक बातमी करायची होती, आणि शेवटच्या दिवशी ती सगळ्यांसमोर दाखवायची. मी अर्थातच गेट घेतलं. मावशीला सांगितलं तर ती उलट खूश झाली. “सोसायटी टीव्हीवर येणार? अच्छा! कारंजं चालू करायला सांगते.”

“टीव्हीवर नाही गं, वर्गात. आणि बातमी मागच्या गेटाची आहे.”

“काय ते. पण कारंजं घे.”

बिष्टजींना घेऊन मी कमलेशला गेटाजवळ उभं केलं. माणूस कॅमेऱ्यासमोर जे बोलतो त्याचा तुकडा म्हणजे बाईट. तो मला हवा होता. मी माइक धरला आणि सुरुवात केली. नव्या उपनगरांमधली विषमता, श्रमिक स्त्रियांच्या वेळेची लूट, सुरक्षेच्या नावाखाली चालणारी अस्पृश्यता, हे सगळं एका दमात सांगून शेवटी म्हटलं, “तो क्या आप पर ये अन्याय नहीं हुआ है?”

कमलेश म्हणाली, “जी.”

गार्डला तेवढाच लांब प्रश्न विचारला. तो सावधान उभा राहून म्हणाला, “जी हाँ, बिल्कुल जी.” अजून दोघींना विचारलं. मला वाटलं, काय भेदक मुलाखती झाल्या!

चित्रण कापून जोडायला बसलो तेव्हा सक्सेनासर म्हणाले, “ठीक है, अब रिपोर्टर की आवाज़ निकाल दो। लोगों को बोलने दो।” टीव्हीच्या बातमीत रिपोर्टरचे प्रश्न कापून टाकतात, उत्तरं तेवढी ठेवतात, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. यंत्रावरच्या मुलाने माझे प्रश्न काढले. उरलं ते सर्वांसमोर लागलं.

“जी.”

“जी हाँ, बिल्कुल जी.”

“जी.”

“हाँ जी.”

वर्ग बाकांवरून घसरला. बिष्टजीसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याकडे माणसाला पटलं नाही तर तो ‘हॅ’ म्हणतो. तिकडे ‘जी’ म्हणजे हो, नाही, ऐकलं, पुढे बोला आणि आता जाऊ द्या. मी चार माणसांकडून शिष्टाचार गोळा करून आणला होता.

हसणं संपल्यावर सर माझ्याशेजारी बसले. “देखिए मैडम, एक छोटा सवाल। फिर मुँह बंद। पूरा बंद। चुप्पी सामने वाले से सही नहीं जाती, वो खुद भर देता है।”

“पण सर, मी नाही बोलले तर मुद्दा कोण मांडणार?”

“वही तो देखना है।”

दुसऱ्या दिवशी पुन्हा कमलेश, पुन्हा गेट. मी विचारलं, “गेट बंद होने से आपका क्या बदला?” आणि गप्प बसले. खरं सांगते, उपोषणाला बसणं सोपं आहे. तिने माइककडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, ओढणी सारखी केली. मी ओठ दातांत धरले. बिष्टजींचा कॅमेरा चालूच.

“छोरी की चोटी,” ती म्हणाली.

मी गप्प.

“पहले मैं उसकी चोटी करके, स्कूल छोड़के, फिर इधर से आ जाती थी। अब वो सोती रहती है, तभी निकलना पड़ता है। घूम के आना होता है ना। सास के हाथ काँपते हैं, उससे चोटी होती नहीं। बाल खोल के चली जाती है। मास्टरनी लाइन से बाहर खड़ा कर देती है। शाम को मुझसे बोलती नहीं।” आणि मग, “बस जी, इतनी सी बात है।”

माझ्या पत्रकात श्रमिक स्त्रिया होत्या, विषमता होती, लूट होती. वेणी नव्हती.

बाल्कनी

राहिली मावशी. सेक्रेटरीची बाजू घेतल्याशिवाय बातमी पुरी होत नाही, असं सरांनी बजावलं होतं. तिने पावडर लावली, साडी बदलली आणि बाल्कनीत उभी राहिली. मागे गेट दिसत होतं.

“मावशी, गेट क्यों बंद है?” मी विचारलं आणि तोंड मिटलं.

“सिक्योरिटी,” ती ठासून म्हणाली. “आजकल का ज़माना देखिए. चोरियाँ होती हैं. कमिटी ने सोच-समझके डिसीजन लिया.”

मी गप्प.

“मतलब... चोरी हमारे यहाँ हुई नहीं. पर हो सकती है.”

मी गप्प. काका आत पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आला.

“असल में वो भैंस,” मावशी म्हणाली. “फ्लॉवर शो था. गाँव की भैंस मागच्या गेटने अंदर आ गई और सारे डेलिया खा गई. पहले नंबर का भी. तो उस दिन के लिए ताला लगाया. एक दिन के लिए.”

माझा चेहरा कसा होता ते बिष्टजी जाणोत. मी गप्पच राहिले.

“फिर चाबी मैंने सँभाल के रखी.” तिने पदर नीट केला. “इतनी सँभाल के रखी, कि फिर मिली नहीं. मैंने सोचा, कोई पूछेगा तो ढूँढूँगी. किसी ने पूछा ही नहीं.” आता ती कॅमेऱ्याकडे नाही, गेटाकडे बघत होती. “हममें से उधर से जाता कौन है.”

बिष्टजींनी हळूच कॅमेरा बंद केला. मावशी मराठीत आली. “विदू, हे दाखवणार नाहीस ना गं?”

मी मंत्र्याच्या गाडीसमोर उभी राहिलेली मुलगी आहे, पण असा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मंत्र्याच्या घरी मी जेवत नव्हते. त्याच्या गीझरचं पाणी घेत नव्हते. आणि मावशीला वाचवायला वाव होता. ‘सिक्युरिटी’पर्यंत ठेवून पुढचं कापलं असतं, तर मला हवा होता तसाच शत्रू मिळाला असता, निर्दय आणि ठाम. तिची अब्रूही राहिली असती. फक्त ते खोटं झालं असतं, आणि वेणीचं कारण म्हैस नसून व्यवस्था आहे, असं मी छातीठोक सांगून मोकळी झाले असते.

“दाखवणार आहे, मावशी,” मी म्हणाले.

आतून काका म्हणाले, “दाखव. मलासुद्धा इतके दिवस सिक्युरिटीच सांगितलंय हिने.”

त्या संध्याकाळी आमटीत गूळ नव्हता. मावशी “वाढू का” ऐवजी “हवंय का” असं विचारत होती. मी म्हटलं, “उद्या येशील ना बघायला?” तर म्हणाली, “टाइम मिळाला तर.” दिल्लीच्या तीस वर्षांनंतरही रुसायची पद्धत मात्र अस्सल कराडची होती.

पडदा

दुसऱ्या दिवशी काचेच्या इमारतीत सगळ्यांच्या बातम्या लागल्या. माझी लागायच्या जरा आधी दार उघडलं आणि जरीच्या साडीवर शाल घेतलेली मावशी आत आली. मागे काका. तिने मला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पहिल्या रांगेत बसली.

माझी बातमी छोटी होती. आधी गावातून निघून मोठ्या रस्त्याने येणारी कमलेश. मग वेणी. मग मावशी, ‘सिक्योरिटी’पासून ‘जाता कौन है’पर्यंत, न कापता. म्हशीला वर्ग खदाखदा हसला. किल्लीलाही हसला. शेवटच्या वाक्याला हसला नाही. मग नुसतं कुलूप, आणि पलीकडे अंगणात मोकळ्या केसांनी दोरीवरच्या उड्या मारणारी एक मुलगी. संपलं.

सक्सेनासरांनी मफलर सारखा केला. “और माँगें कहाँ हैं, मैडम?”

“काट दीं, सर.”

तेवढ्यात मावशी उभी राहिली. ती सगळ्या वर्गाला उद्देशून म्हणाली, “नमस्ते. मैं ही हूँ, चाबीवाली.” टाळ्या पडल्या. सरांनी तिला स्वतः खुर्ची सरकवून दिली, चहा मागवला. तिने चहा घेतला, आणि माझ्याकडे वळून मराठीत, दातांत बोलली: “माझ्यामागे दोरीवर काकांचे टॉवेल वाळत होते. फाटका सुद्धा. सांगायचंस तरी!”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. कालिंदी कुंजला यमुनेचा वास आला तसं तिने नाकाला पदर लावला आणि पदराआडून म्हणाली, “उद्या कुलूपवाला बोलावते. पण मी बोलावतेय. तुझ्या फिल्ममुळे नाही. समजलीस?”

मी म्हणाले, “जी.”

कराड

कुलूप तुटताना बघायला मी थांबू शकले नाही, गाडीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. मावशीने डब्यात मेथीचे पराठे दिले, आईसाठी तीळगुळाचा गजक दिला आणि गार्डला माझी बॅग उचलायला लावली. मी त्याला हात लावू दिला नाही. त्यावर आमचं शेवटचं भांडण झालं.

इथे आल्यावर पहिल्याच सभेत मी माइक हातात घेऊन समोरच्या बायकांना एकच प्रश्न विचारला आणि थांबले. आमच्या संघटनेचे अध्यक्ष घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

पंधरवड्याने मी एसटी स्टँडजवळच्या बूथवरून मावशीला फोन लावला.

“किल्ली मिळाली!” हॅलो म्हणायच्या आत ती ओरडली. “चांदीच्या अत्तरदाणीत! शेजारणीने लग्नासाठी मागितली, तेव्हा आतून खडखड. आता काय उपयोग, कुलूप तर तोडलं. आणि ऐक, पलीकडे गावात मेथी इतकी ताजी मिळते यार, मी रोज त्याच गेटने जाते. उगीच इतके दिवस मथुरा रोडची शिळी भाजी खाल्ली.”

म्हणजे फायदा पुन्हा फ्लॅटवाल्यांचाच. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. तो मी बाजूला ठेवला आणि विचारलं, “आणि कमलेश?” आणि गप्प बसले.

तिकडून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली.

“ती ना,” मावशी म्हणाली, “उशिरा येते आता. चहा मीच टाकते. मुलीला त्या गेटासमोरून शाळेत सोडायला नेते, मग आत येते. मी बाल्कनीतून बघते रोज. मुलीच्या दोन वेण्या. लाल रिबिनी. वर बांधलेल्या.”

मला काही बोलायचं होतं. काय ते अजून सुचलेलं नाही. बूथवाल्याने काचेवर टकटक करून आत डोकं घातलं.

“ताई, लाइन कट झाली का?”